तान्ह्या बाळाचे न थांबणारे रडणे : वाचकांची पत्रे आणि डॉक्टरांची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. भूक भागलेले, लंगोट कोरडे असलेले, ताप नसलेले बाळ तासन्‌तास रडते आणि घरातल्या कोणालाच कारण सापडत नाही, अशी ही तक्रार आहे. डॉक्टर याला कॉलिक म्हणतात. घरात ‘पोटात दुखते’, ‘गॅस धरतो’ असे म्हटले जाते. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून आणि लिहिणाऱ्यांची नावे गाळून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी पाच आठवड्यांची आहे. तिसऱ्या आठवड्यापासून ती रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास रडू लागते आणि नऊ-दहापर्यंत थांबत नाही. चेहरा लाल होतो, मुठी आवळल्या जातात, पाय पोटाशी जातात, गॅस सुटतो. दिवसा मात्र ती नीट दूध पिते आणि झोपते. डॉक्टरांनी तपासले, वजन चांगले वाढत असल्याचे सांगितले आणि “कॉलिक आहे, तीन महिन्यांत जाईल” असे म्हणून आम्हांला घरी पाठवले. म्हणजे तिला नेमके काय झाले आहे? माझ्या दुधात काही दोष आहे का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तोच तुम्हांला सर्वांत जास्त छळत असणार. तुमच्या दुधात दोष नाही. अंगावर पिणाऱ्या आणि वरचे दूध घेणाऱ्या बाळांमध्ये कॉलिकचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळते आणि बाळ मुलगा आहे की मुलगी यानेही फरक पडत नाही. साधारणपणे पाच बाळांमागे एकाला हा त्रास होतो असे मानतात. व्याख्या सैल केली तर हे प्रमाण आणखी वाढते.

डॉक्टरांनी सांगितले ते चुकीचे नव्हते, अपुरे होते. १९५४ साली मॉरिस वेसेल या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलिकची जी व्याख्या केली, ती ‘तीनचा नियम’ म्हणून ओळखली जाते : एरवी निरोगी असलेले बाळ दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल तर ते कॉलिक. लक्षात ठेवायला सोपा असल्यामुळे हा नियम अजून टिकून आहे. परंतु निदानासाठी तीन आठवडे थांबा, असे कोणत्याही आईला सांगता येत नाही, आणि पावणेतीन तास रडणाऱ्या बाळाचे घर सव्वातीन तास रडणाऱ्या बाळाच्या घरापेक्षा सुखात असते असेही नाही. म्हणून पचनसंस्थेच्या तक्रारींच्या निदानासाठी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रोम-४’ या निकषांत रोजच्या वैद्यकीय व्यवहारापुरती तासांची अट ठेवलेली नाही. वयाच्या पाच महिन्यांच्या आत सुरू होऊन त्याच मुदतीत संपणारे, उघड कारण नसलेले, पालकांना टाळता किंवा थांबवता न येणारे असे वारंवार आणि दीर्घकाळ रडणे, आणि त्याच वेळी ताप, आजार किंवा वजन न वाढणे यांपैकी काहीही नसणे, एवढे निदानाला पुरेसे धरले जाते. तुमच्या मुलीचे वजन पाहणे आणि तिला नीट तपासणे हाच या निदानाचा गाभा होता. त्यासाठी रक्ताची तपासणी किंवा सोनोग्राफी लागत नाही.

आता ‘तीन महिने’ कोठून आले ते पाहू. टी. बेरी ब्राझेल्टन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी १९६२ साली ८० निरोगी बाळांच्या आयांनी ठेवलेल्या नोंदींवरून दाखवले की दुसऱ्या आठवड्यापासून बाळाचे रडणे वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या आसपास ते दिवसाला सुमारे पावणेतीन तासांवर पोहोचते आणि नंतर उतरते. ही बाळे आजारी नव्हती, कॉलिकसाठी निवडलेलीही नव्हती. २०१७ साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पहिल्या सहा आठवड्यांत बाळे दिवसाला सरासरी दोन तासांच्या आसपास रडतात किंवा किरकिरतात आणि दहा ते बारा आठवड्यांच्या वयात हा काळ सुमारे ६८ मिनिटांवर येतो, असे दिसले. तेव्हा तुमची मुलगी सर्वच बाळे ज्या चढावरून जातात त्याच चढावर आहे. तिचा चढ इतरांपेक्षा उंच आहे, इतकेच. ती पाच आठवड्यांची आहे, म्हणजे येते दोन-तीन आठवडे आत्ताच्याइतकेच किंवा थोडे अधिक कठीण जाण्याचा संभव आहे. हे स्पष्ट सांगितलेले बरे, नाहीतर पुढच्या आठवड्यात रडणे वाढल्यावर काहीतरी बिघडले असे तुम्हांला वाटेल.

पाय पोटाशी घेणे आणि गॅस सुटणे पाहून पोट दुखत असल्याचा निष्कर्ष कोणीही काढील. परंतु तान्हे बाळ कोणत्याही कारणाने जोरात रडू लागले की हेच करते; लस टोचल्यानंतरचे त्याचे रडणे आठवून पाहा. रडताना बाळ हवा गिळते, पोटाचे स्नायू आवळले जातात आणि आतला वायू बाहेर पडतो. म्हणजे गॅस हे बहुतेक वेळा रडण्याचे कारण नसून त्याचा परिणाम असतो. कॉलिकचे एकच एक कारण सिद्ध झालेले नाही. उत्तेजित झालेल्या मेंदूला पुन्हा शांत करण्याची क्षमता या वयात अपुरी असते, हे एक स्पष्टीकरण. काही बाळांच्या आतड्यांतील जिवाणूंची घडण वेगळी आढळते, हे दुसरे. ज्या आयांना मायग्रेन आहे त्यांच्या बाळांमध्ये कॉलिक अधिक दिसते, हेही नोंदले गेले आहे. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर घरात धूम्रपान होत असेल तर धोका वाढतो. या यादीत आपल्या हातातली म्हणावी अशी गोष्ट बहुधा ही एकच.

प्रश्न : आमचे बाळ उचलून फिरवले की गप्प होते, खाली ठेवले की पुन्हा सुरू. घरातले म्हणतात की त्याला हाताची सवय लागेल, रडू द्या. आम्ही पाळणा, गाणी, अंघोळ, मालिश असे सर्व करून पाहतो. एकही उपाय दोन दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. आमचे काय चुकते?

उत्तर : पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाला उचलून घेतल्याने वाईट सवय लागत नाही. रडून आपले काम करून घ्यायचे, असा हिशेब करण्याइतकी समज त्या वयात नसते. त्यामुळे ते रडू लागले की निःशंकपणे उचलावे. उचलल्याने कॉलिक बरे होईल, अशी अपेक्षा मात्र धरू नये. कॅनडातील संशोधक रोनाल्ड बार यांच्या चमूने १९८६ साली दाखवले की सर्वसामान्य बाळांना रोज नेहमीपेक्षा अधिक वेळ अंगाशी धरले तर ती सहा आठवड्यांच्या वयात कमी रडतात. तोच प्रयोग कॉलिक असलेल्या बाळांवर केला तेव्हा फरक पडला नाही. आपण काहीतरी कमी करतो आहोत असे ज्यांना वाटते, त्यांनी हा दुसरा निष्कर्ष लक्षात ठेवावा.

तरीही त्या त्या क्षणी उपयोगी पडणाऱ्या काही युक्त्या आहेत. जपानमधील संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात, रडणाऱ्या बाळाला छातीशी धरून न थांबता पाच मिनिटे चालले असता बरीच बाळे शांत झाली आणि काही झोपलीही. झोपलेल्या बाळाला लगेच खाली ठेवले तर ते जागे होण्याचा संभव असे. तेच त्याला कुशीत घेऊन आणखी पाच ते आठ मिनिटे बसून मग ठेवले तर झोप टिकण्याची शक्यता वाढे. बाळ जागे असताना त्याला पालथे करून आपल्या आडव्या हातावर घेणे आणि दुसऱ्या हाताने पाठीवर आधार देणे, एकसुरी मंद आवाज लावणे, दिवे मंद करणे, कोमट पाण्याने अंघोळ घालणे, हेही करून पाहावे. आवाजाचे यंत्र वापरत असाल तर ते बाळाच्या उशाशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला आणि हळू आवाजात ठेवावे. यांपैकी काही यंत्रे पूर्ण आवाजात बाळाच्या कानांना अपाय होईल इतकी मोठ्याने वाजतात. कापडात गुंडाळत असाल तर छातीभोवती बेताने आणि कमरेखाली सैल गुंडाळावे, पाय वाकवायला व फाकवायला जागा राहिली पाहिजे, कारण पाय ताठ बांधून ठेवल्याने खुब्याच्या सांध्याला इजा होऊ शकते. बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागले की गुंडाळणे बंद करावे.

तुमचे चुकत असेल ते बहुधा असे की एक उपाय दोन मिनिटे, लगेच दुसरा, मग तिसरा, आणि खोलीत चार माणसे. थकलेल्या बाळाला या सर्वांचाच त्रास होतो. एका वेळी एकच गोष्ट दहा-पंधरा मिनिटे करावी, आणि ती एकाच माणसाने करावी. दूध पाजताना बाळाला थोडे उभट धरावे, छाती नीट तोंडात घेतली आहे ना हे पाहावे, बाटली असेल तर बुचाचे छिद्र फार लहान किंवा फार मोठे नाही ना हे तपासावे आणि मधेमधे ढेकर काढावी. प्रत्येक रडण्याला दूध हे उत्तर देऊ नये. तासाभरापूर्वी पोटभर प्यालेले बाळ चोखून शांत होते ते नेहमीच भुकेमुळे असते असे नाही.

एका बाबतीत तडजोड नको. कितीही दमलात तरी बाळाला कुशीत घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत झोपू नका, आणि झोपवायचे ते उताणे, सपाट आणि टणक अंथरुणावर, जवळ उशी-दुलई न ठेवता. रडणारे बाळ पालथे चटकन झोपते असा अनुभव पुष्कळ जण सांगतात. तो खरा असला तरी पालथे झोपवण्याने झोपेतच अचानक मृत्यू येण्याचा धोका वाढतो, ही गोष्ट निर्विवाद आहे.

प्रश्न : मी आजी आहे. माझ्या मुलांना मी ग्राइप वॉटर देत असे आणि ती शांत होत. सुनेला ते पसंत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गॅसच्या थेंबांनी नातवाला काहीच गुण नाही. थोरल्या नातीच्या वेळचे पोटदुखीचे थेंब घरात आहेत, ते द्यावेत का?

उत्तर : घरातले जुने थेंब कृपया देऊ नका. पोटदुखीच्या थेंबांपैकी काहींत डायसायक्लोमिन हे औषध असते. ते आतड्यांचे आवळणे सैल करते आणि कॉलिकवर त्याचा परिणामही दिसत असे. परंतु ते दिलेल्या लहान बाळांचा श्वास अडखळणे, झटके येणे, बेशुद्ध पडणे असे प्रकार नोंदले गेले आणि सहा महिन्यांखालील बाळांसाठी ते वर्ज्य ठरले. बाटलीवरचे नाव वाचता येत नसेल, चिठ्ठी हरवली असेल, तर बाटली टाकून द्यावी.

गॅसच्या थेंबांत बहुधा सिमेथिकोन असते. ते रक्तात शोषले जात नाही, त्यामुळे निर्धोक आहे; पण नीट केलेल्या चाचण्यांत त्याचा परिणाम औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ थेंबांपेक्षा अधिक आढळला नाही. नातवाला गुण आला नाही यात नवल नाही. गॅस हे मूळ कारणच नसेल तर गॅसच्या औषधाने काय होणार?

ग्राइप वॉटरची गोष्ट जुनी आहे. विल्यम वुडवर्ड यांनी ते १८५१ साली इंग्लंडमध्ये बाजारात आणले आणि त्या मूळ मिश्रणात शेपूचे तेल, खाण्याचा सोडा आणि साखर यांच्याबरोबर अल्कोहोलही होते. अल्कोहोलने बाळ गुंगणार आणि गोड चवीने काही मिनिटे शांत राहणार, हे उघड आहे. गोड द्रवाने नवजात बाळाचे रडणे अल्पकाळ कमी होते हे सुई टोचण्याच्या प्रसंगी तपासूनही पाहिले आहे. आजच्या ग्राइप वॉटरमधून अल्कोहोल गेले, पण कॉलिक कमी होते याचा भरवशाचा पुरावा मात्र आला नाही. तुमची मुले शांत झाली हा तुमचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. कोणतेही औषध सहाव्या-सातव्या आठवड्यात सुरू केले की पुढच्या महिन्याभरात रडणे उतरणारच असते आणि श्रेय त्या वेळी हातात असलेल्या बाटलीला मिळते. सहा महिने पुरे होईपर्यंत अंगावरच्या दुधाखेरीज काही देऊ नये या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीचा विचार करता सूनबाईंचे म्हणणे मला योग्य वाटते. मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवूही नये. त्यात असू शकणाऱ्या, बोट्युलिझम ही विषबाधा करणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात.

एका औषधाबद्दल थोडे अनुकूल बोलता येते. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या जिवाणूच्या एका विशिष्ट वाणाचे थेंब दिल्यावर अंगावर पिणाऱ्या, कॉलिक असलेल्या बाळांचे रडणे कमी झाल्याचे अनेक चाचण्यांचा एकत्रित अभ्यास सांगतो. वरच्या दुधावर असलेल्या बाळांत तसे दिसत नाही, आणि ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या चाचणीत फायदा आढळला नव्हता. तुमच्या डॉक्टरांनी सुचवले तर देऊन पाहायला हरकत नाही. नाव पाहून दुकानातले कोणतेही प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवाणूंचे औषध, आणणे म्हणजे तेच औषध देणे नव्हे. बाळ दूध उलटते आणि रडते म्हणून आम्ल कमी करणारी औषधे देण्याचाही प्रघात पडला आहे. रडण्यावर त्यांचा उपयोग होत नाही.

प्रश्न : बाळाला गॅस होऊ नये म्हणून मी दूध, डाळी, कोबी, मसाले असे सर्व खाणे सोडले आहे. तरी फरक नाही. आणखी काय सोडू?

उत्तर : आणखी काही सोडू नका, उलट सोडलेले बहुतेक सर्व पुन्हा सुरू करा. डाळी-कोबीमुळे तुमच्या आतड्यात होणारा वायू दुधात उतरत नाही, आणि बाळंतपणानंतर दूध पाजणाऱ्या शरीराला नेहमीपेक्षा जास्त अन्न लागते. अपवाद एकच. बाळाच्या शीतून रक्त किंवा शेंब पडत असेल, अंगावर इसब असेल, वारंवार उलट्या होत असतील किंवा वजन अडले असेल, तर गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी असू शकते. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने तुम्ही दूध आणि त्याचे सर्व पदार्थ दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करून पाहायचे, त्या काळात कॅल्शियम घ्यायचे, आणि नंतर ते पुन्हा सुरू करून रडणे परत वाढते का हेही पाहायचे. हा शेवटचा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग आई विनाकारण अनेक महिने दुधापासून दूर राहते.

प्रश्न : डॉक्टरांनी कॉलिक म्हटले म्हणून आम्ही निश्चिंत राहिलो आणि उद्या वेगळेच काही निघाले तर? कोणत्या रडण्याला घाबरायचे?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. डॉक्टरांकडे आणल्या जाणाऱ्या रडणाऱ्या बाळांपैकी फार थोड्यांना शरीराचा काही आजार सापडतो, परंतु त्या थोड्यांत वेळ दवडून चालत नाही.

तीन महिन्यांखालील बाळाचा ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक असेल, तर दिवस-रात्र न पाहता रुग्णालयात न्यावे; आधी तापाचे औषध देऊन वाट पाहू नये. उलटी हिरवी असेल तर आतड्याला पीळ पडलेला असू शकतो आणि तेथे तासांचा प्रश्न असतो. दोन ते आठ आठवड्यांच्या वयात प्रत्येक पाजण्यानंतर दूध जोराने फेकले जात असेल आणि बाळ लगेच पुन्हा भुकेले दिसत असेल, तर जठराच्या खालच्या टोकाचा मार्ग अरुंद झाला असण्याची शक्यता असते. शीमध्ये रक्त, फुगून ताठ झालेले पोट, वर आलेली टाळू, नेहमीपेक्षा वेगळे, किंचाळीसारखे तीव्र रडणे, पिण्याला नकार, दिवसभरात अगदी थोडे ओले लंगोट, आणि रडून झाल्यावर बाळ लुळे किंवा न उठण्याइतके सुस्त पडणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याला कॉलिक म्हणू नये. एक गोष्ट आयांच्या तोंडून पुष्कळदा ऐकायला मिळते : “हे तिचे नेहमीचे रडणे नाही.” त्या वाक्याला मी तपासणीइतकेच महत्त्व देतो.

अचानक, पहिल्यांदाच आणि न थांबता रडू लागलेल्या बाळाचे सर्व कपडे काढून त्याला उजेडात पाहावे. पायाच्या किंवा हाताच्या बोटाला, क्वचित शिश्नाला, आईचा एखादा केस किंवा मोज्याचा धागा घट्ट गुंडाळला जाऊन पुढचा भाग लाल-निळा सुजलेला आढळतो. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी केस फार गळतात, त्या काळात हे अधिक घडते. जांघेत न दबणारी कडक गाठ दिसली तर तो अडकलेला हर्निया असू शकतो. डोळा सतत मिटलेला आणि पाणावलेला असेल तर बाळाच्याच नखाने बुबुळावर ओरखडा गेलेला असू शकतो.

वयाचाही विचार करावा. कॉलिक पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होते. चार-पाच महिन्यांचे बाळ पहिल्यांदाच असे रडू लागले असेल, थोड्या थोड्या वेळाने पाय आखडून ओरडत असेल आणि मधल्या वेळात फिकट पडत असेल, तर आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरलेला असू शकतो. तेव्हा थांबू नये. याउलट, जे बाळ दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वजन वाढवते आहे, आवडीने पिते आहे आणि रडण्याच्या वेळा सोडल्यास तरतरीत आहे, त्याच्या बाबतीत निश्चिंत राहण्याला आधार आहे.

प्रश्न : मुलगा सात आठवड्यांचा आहे. काल रात्री दोन वाजता, अडीच तास त्याला घेऊन फिरल्यानंतर, त्याला जोराने गदागदा हलवावे असे मला वाटले. मी तसे केले नाही, त्याला पत्नीकडे दिले. पण मला स्वतःची भीती वाटते आहे. पत्नीही अलीकडे गप्प असते, तो झोपला तरी तिला झोप येत नाही. हे कोणाला सांगावे?

उत्तर : तुम्ही ते लिहिले हे फार चांगले केले, आणि बाळाला दुसऱ्याकडे दिले हे त्याहून चांगले. तासन्‌तास न थांबणाऱ्या रडण्यापुढे असा विचार मनात येणे विकृतपणाचे लक्षण नाही. पुष्कळ प्रेमळ आई-बापांच्या मनात तो येतो आणि ते तो लपवतात. धोका विचारात नाही, कृतीत आहे. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मानेचे स्नायू ते सावरू शकत नाहीत. काही सेकंद जोराने हलवल्यानेही मेंदूभोवतालच्या शिरा तुटून रक्तस्राव होतो, डोळ्यांच्या आत रक्त साकळते आणि त्यातून अंधत्व, कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू येऊ शकतो. अशा इजा कोणत्या वयात सर्वाधिक होतात हे पाहिले तर तो आलेख रडण्याच्या आलेखाच्या मागोमाग जातो. म्हणजे असे प्रकार बहुतांशी रडण्यानेच भडकतात, आणि म्हणूनच ते टाळता येतात.

यापुढे असा क्षण आला तर काय करायचे हे आज, डोके शांत असताना ठरवून ठेवा. बाळाला पाळण्यात उताणे ठेवा, दार लोटून घ्या, बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारा, पाच-दहा मिनिटे रडण्यापासून लांब बसा. नीट तपासलेले, सुरक्षित ठेवलेले निरोगी बाळ दहा मिनिटे एकटे रडल्याने त्याला इजा होत नाही. नंतर पाहून या. हात अजून थरथरत असतील तर पुन्हा बाहेर जा किंवा कोणाला तरी उठवा. रडणाऱ्या बाळाला सांभाळताना कानात बोळे घालण्यात गैर काही नाही. रडणे ऐकू येते, फक्त त्याची धार कमी होते. संध्याकाळ ते रात्र या वेळेच्या पाळ्या लावून घ्या, आणि ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत खरोखर झोपावे. दोघांनी मिळून रात्रभर जागणे हे प्रेमाचे वाटते, पण त्यातून सकाळी दोन थकलेली माणसे उरतात. आजी, मावशी, मित्र, कोणीही मदत देऊ केली तर “नको, आम्ही बघतो” असे म्हणू नका. बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला, पगारी माणसालाही, ‘रडले तर ठेवून दे आणि बाहेर जा, पण हलवू नकोस’ हे शब्द उच्चारून सांगा.

पत्नीविषयी तुम्ही जे एका ओळीत लिहिले आहे, ते मला अधिक काळजीचे वाटते. बाळ झोपले असतानाही झोप न येणे, गप्प होणे, कशातच रस न वाटणे ही बाळंतपणानंतरच्या नैराश्याची लक्षणे असू शकतात आणि अतिशय रडणाऱ्या बाळांच्या आयांमध्ये ते अधिक आढळते. यासाठी १९८७ पासून वापरात असलेली एडिंबरा प्रश्नावली दहा प्रश्नांची आहे. कोणताही प्रसूतितज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ ती काही मिनिटांत भरून घेऊ शकतो. उपचार आहेत, आणि नैराश्यावरची बरीच औषधे स्तनपान चालू ठेवूनही घेता येतात. या आठवड्यातच भेट ठरवा आणि तुम्ही सोबत जा. स्वतःला किंवा बाळाला काही करावे असे तिने कधीही बोलून दाखवले, तर भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि तोपर्यंत तिला एकटे सोडू नका. हे कोणाला सांगावे असे तुम्ही विचारले आहे. त्याच भेटीत स्वतःबद्दलही, मला लिहिले तेवढ्याच स्पष्टपणे, डॉक्टरांना सांगा. वडिलांनाही नैराश्य येते.

प्रश्न : पूर्वी लोक बाळाला सतत अंगाशी ठेवत, म्हणून ती रडत नसत, असे ऐकले. कॉलिक ही आधुनिक राहणीची देणगी आहे का?

उत्तर : नाही. आफ्रिकेतील कालाहारी वाळवंटात राहणाऱ्या कुंग सान समाजात बाळ दिवसभर आईच्या अंगावर असे आणि ते थोड्या थोड्या वेळाने दूध पीत असे. तेथील बाळांचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे रडणे एकूण वेळेच्या हिशेबाने कमी होते, पण पहिल्या तीन महिन्यांत वाढून मग उतरण्याचा क्रम तोच होता.

प्रश्न : आमची मुलगी सात आठवडे आधी जन्मली. आता ती दहा आठवड्यांची आहे आणि इतके दिवस शांत असलेले बाळ गेल्या आठवड्यापासून संध्याकाळी रडू लागले आहे. तीन महिने संपत आले, मग हे आता कसे सुरू झाले?

उत्तर : रडण्याचा हा क्रम जन्मतारखेपासून नव्हे, तर अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजावा लागतो. त्या हिशेबाने तुमची मुलगी आज तीन आठवड्यांची आहे, म्हणजे रडणे सुरू झाले ते अगदी वेळेवर. ते सर्वाधिक होण्याचा काळ तिच्या जन्मापासून सुमारे तेराव्या आठवड्यात येईल आणि एकोणीस-वीस आठवड्यांपर्यंत बरेच ओसरलेले असेल. मात्र अपुऱ्या दिवसांच्या बाळांना संसर्ग आणि हर्निया या दोन गोष्टी अधिक होतात, त्यामुळे रडणे नव्याने सुरू झाले आहे हे एकदा तिला तपासणाऱ्या डॉक्टरांना दाखवून घ्या आणि जाताना वजनाच्या नोंदींची वही बरोबर न्या.